अमेरिकन राज्यक्रांती कशी पेटली: व्यापार, कारभार आणि गाऱ्हाणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी इतिहास शिकवते. अमेरिकन राज्यक्रांतीचा धडा आला की उत्तरपत्रिकेत दरवर्षी एक वाक्य हमखास भेटते: ‘इंग्रजांनी चहावर कर बसवला म्हणून वसाहतींनी बंड केले.’ त्याला मार्क द्यावे लागतात, पण देताना हात अडखळतो. मुलांनी, पालकांनी आणि स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे घाई केली की गोष्ट निसटते.

चहा महाग झाला म्हणूनच बंड झाले ना?

नाही. १७७३ च्या कायद्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता, चोरून येणाऱ्या डच चहाशी भावात टक्कर देण्याइतका स्वस्त. तरीही तो समुद्रात फेकला गेला. हे कोडे सोडवण्याआधी मला गव्हर्नरच्या पगाराची गोष्ट सांगावी लागेल. धड्यात ती सहसा नसते, पण माझ्या मते सगळ्या भांडणाचा धागा तिच्यातच आहे.

या तेरा वसाहतींचा कारभार नेमका कोण पाहायचे?

व्हर्जिनियातले जेम्सटाउन १६०७ साली वसले आणि तेरावी वसाहत जॉर्जिया १७३२ च्या सनदेने उभी राहिली. म्हणजे सव्वाशे वर्षांत, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी वसवलेल्या या जागा. बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजा नेमायचा. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमध्ये वसाहतीचे मालक घराणे त्याला नेमायचे. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड मात्र आपला गव्हर्नर स्वतः निवडत.

गव्हर्नर कुणीही नेमो, प्रत्येक वसाहतीत लोकांनी निवडलेली एक सभा होती. मतदानाचा हक्क जमीनजुमला असलेल्या गोऱ्या पुरुषांपुरता होता, पण जमीन मुबलक असल्याने इंग्लंडच्या मानाने मतदार पुष्कळ होते. कर बसवायचा, पैसा मंजूर करायचा आणि गव्हर्नरचा पगार ठरवायचा, ही कामे या सभेची.

इथे थोडे थांबूया. मॅसॅच्युसेट्समध्ये १७२८ साली विल्यम बर्नेट नावाचे गव्हर्नर आले. त्यांच्या हातात राजाचा हुकूम होता, की सभेने गव्हर्नरला वर्षाला एक हजार पौंड कायमचे बांधून द्यावेत. सभा म्हणाली, पैसे देतो, वाटल्यास जास्तही देतो, पण दरवेळी आम्ही मंजूर केले म्हणून देणार, कायमचे बांधून देणार नाही. बर्नेटनी सभा बोस्टनबाहेर हलवून पाहिली, तिची अधिवेशने लांबवून पाहिली. १७२९ साली ते वारले तेव्हाही भांडण चालूच होते. पुढे लंडननेच नमते घेतले.

ज्याच्या हातून पगार मिळतो त्याचे ऐकावे लागते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. राजाचा माणूस, पण त्याच्या जेवणाचे ताट आमच्या हातात, असा तो व्यवहार होता. तीन-चार पिढ्यांत ही वहिवाट इतकी मुरली की लोक तिला आपला हक्क समजू लागले. लंडनमध्ये मात्र तिच्याकडे दिलेली सवलत म्हणून पाहिले जाई.

व्यापारावर कोणती बंधने होती?

१६५१ पासून पार्लमेंटने एकामागून एक नौकानयन कायदे केले. माल इंग्रजी किंवा वसाहतींच्याच जहाजांतून न्यायचा. तंबाखू, साखर, कापूस, नीळ असा ठरावीक माल इंग्लंड किंवा इंग्रजी वसाहतींखेरीज कुठे पाठवायचा नाही. युरोपचा माल हवा असेल तर तो आधी इंग्लंडच्या बंदरात उतरवून मग इकडे आणायचा. पुढे कारखानदारीवरही लगाम आला. १६९९ साली लोकरी कापड, १७३२ साली टोप्या, १७५० साली लोखंडी सामान. कच्चे लोखंड खुशाल पाठवा, त्याच्या वस्तू आम्ही करू आणि तुम्हाला विकू, हे धोरण.

यात वसाहतींचे सगळे नुकसानच होते असे मात्र समजू नका. न्यू इंग्लंडचा, म्हणजे ईशान्येकडच्या वसाहतींचा, जहाजबांधणीचा धंदा याच कायद्यांच्या आडोशाने वाढला आणि समुद्रावर ब्रिटिश आरमाराचे संरक्षण फुकट मिळत होते.

तंबाखू पिकवणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि आपल्या शेतकऱ्याला चटकन कळणारी आहे. व्हर्जिनियाचा मळेवाला आपली तंबाखू हजार-हजार रत्तलांच्या पिंपांत दाबून भरायचा आणि लंडनच्या अडत्याकडे पाठवायचा. विक्रीला तो स्वतः हजर नसे. काही महिन्यांनी पट्टी यायची: भाव अमुक मिळाला, त्यातून जकात, जहाजभाडे, वखारभाडे आणि अडत वजा, आणि तुम्ही मागवलेले कापड, भांडी, बग्गीचे सामान यांची किंमत तुमच्या नावे मांडली. बहुतेकदा शिल्लक उलट्या बाजूला. भाव पडला तरी खर्च तेवढाच. दहा-वीस वर्षे हे चालले की मोठमोठे जमीनदारही कर्जाखाली वाकत. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या लंडनच्या अडत्याला लिहिलेली तक्रारपत्रे उपलब्ध आहेत: भाव कमी आला, माल जुनाट फॅशनचा पाठवला, किंमत मात्र चढी लावली. १७६० च्या दशकातच त्यांनी तंबाखू सोडून गव्हाकडे मोर्चा वळवला. पुढे सेनापती झालेल्या माणसाचा लंडनवरचा विश्वास असा आधी पट्ट्या वाचतावाचता उडाला होता.

इतकी बंधने होती तर लोकांनी शंभर वर्षे ती सोसली कशी?

कारण ती नीट पाळली जात नव्हती. मळीचे उदाहरण घ्या. न्यू इंग्लंडात मळीपासून रम गाळायचा मोठा धंदा होता. मळी यायची कॅरिबियन बेटांवरून, आणि फ्रेंच बेटांवरची मळी इंग्रज बेटांपेक्षा स्वस्त. इंग्रज बेटांवरच्या साखरमळ्यांच्या मालकांचे पार्लमेंटात वजन होते. त्यांच्या आग्रहाने १७३३ साली परक्या मळीवर गॅलनमागे सहा पेन्स कर बसला. तो प्रामाणिकपणे भरला असता तर भट्ट्याच बंद पडल्या असत्या. मग काय, थोडे पैसे जकात अधिकाऱ्याच्या हातावर टेकवायचे आणि पिंपे उतरवून घ्यायची. ऱ्होड आयलंडने १७६४ मध्ये लंडनला धाडलेल्या निवेदनात सरळच मांडले की आमच्याकडे वर्षाला १४,००० पिंपे मळी येते आणि त्यातली इंग्रज बेटांवरची २,५०० पेक्षा जास्त नसते. तीसहून अधिक भट्ट्या त्यावर चालत होत्या.

कायदा पुस्तकात, व्यवहार धक्क्यावर, आणि लंडनचा काणाडोळा. दोन्ही बाजूंना हे सोयीचे होते.

मग १७६३ नंतर असे काय बदलले?

इंग्लंडने फ्रान्सविरुद्धचे सात वर्षांचे युद्ध जिंकले आणि त्या विजयाने त्याचे कंबरडे मोडले. राष्ट्रीय कर्ज साधारण साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या आसपास गेले. कॅनडा ताब्यात आला, त्याच्या राखणीसाठी अमेरिकेत सुमारे दहा हजारांचे सैन्य ठेवायचे ठरले. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचा सवाल सरळ होता: संरक्षण तुमचे, मग खर्चातला काही वाटा तुम्ही का उचलू नये? लंडनच्या खुर्चीवरून पाहिले तर हा सवाल गैर नव्हता, हे मी मुलांना आवर्जून सांगते. ब्रिटनमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी पट कर भरत होता.

पण वसाहतींना काय दिसले? फ्रेंचांची भीती गेली, म्हणजे संरक्षणाची गरज कमी झाली, आणि नेमके तेव्हाच सैन्य राहिले. १७६३ च्या राजघोषणेने ॲपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी झाली. ज्या जमिनीसाठी आपण लढलो तीच हातची गेली, असे सट्टेवाल्या जमीनदारांपासून साध्या कुणब्यापर्यंत सगळ्यांना वाटले. १७६४ मध्ये मळीवरचा कर सहा पेन्सांचा तीन झाला, पण आता तो खरोखर वसूल होणार होता. चोरटा माल पकडला तर खटला ज्युरीपुढे न चालता आरमारी न्यायालयात. त्याच वर्षी वसाहतींच्या कागदी चलनावरही निर्बंध आले, आणि तेही युद्धानंतरच्या मंदीत. व्यापारी, भट्टीवाला, शेतकरी, कर्जदार असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एकाच वेळी चिडले.

स्टॅम्प ॲक्ट म्हणजे आपल्या स्टॅम्प पेपरसारखेच काही का?

जवळजवळ तसेच. तहसील कचेरीबाहेर मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलाशी रांगेत उभे राहिलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. १७६५ च्या कायद्यानुसार खरेदीखत, करारनामा, कोर्टाचे कागद, परवाने, जहाजाची कागदपत्रे, वर्तमानपत्रे, पंचांगे, एवढेच काय खेळायचे पत्ते आणि फासे यांवरही शिक्का लागणार होता. पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, फाशांच्या जोडीला दहा, महाविद्यालयाच्या पदवीला दोन पौंड. कागद इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असेल तर कर दुप्पट. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन भाषिकांना हे किती झोंबले असेल, याचा विचार करा.

फरक असा की आपला मुद्रांक आपण निवडून दिलेले सरकार लावते. तो मात्र तीन हजार मैलांवरच्या पार्लमेंटने लावला होता, जिथे वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. आणि राज्यकर्त्यांच्या दृष्टीने एक मोठी चूक त्यात होती. कराचा पहिला घाव वकील, छापखानेवाले आणि खानावळवाले यांच्यावर बसला. एकाला बोलता येत होते, दुसऱ्याला छापता येत होते आणि तिसऱ्याकडे लोक जमत होते.

१४ ऑगस्ट १७६५ रोजी बोस्टनमध्ये मुद्रांक विक्रीसाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा एका एल्म वृक्षाला लटकवला गेला. बारा दिवसांनी जमावाने उपगव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे घर आतून-बाहेरून उद्ध्वस्त केले. ही हिंसा मी झाकून ठेवत नाही, ती होती आणि भयंकर होती. १ नोव्हेंबरला कायदा लागू व्हायच्या वेळेपर्यंत बहुतेक सगळ्या विक्रेत्यांनी राजीनामे दिले होते. शिक्क्याचे कागद होते, विकायला माणूस नव्हता.

कर किरकोळ होता, मग एवढा गहजब कशासाठी?

हा मला सर्वात आवडणारा प्रश्न. वसाहतीतले लोक कर देतच होते, पण आपल्या सभेने बसवलेला. पार्लमेंटने व्यापाराला वळण लावण्यासाठी जकात घ्यावी, हेही त्यांनी चालवून घेतले होते. खिशातून थेट पैसा काढणे ही गोष्ट मात्र निराळी, तिला आपल्या प्रतिनिधींची संमती पाहिजे. आज तीन पेन्स संमतीशिवाय दिले तर उद्या तीन पौंडांना कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? शेजाऱ्याने बांध वीतभर कोरला तर आपला शेतकरी कोर्टात का जातो, ते आठवा. जमीन वीतभरच असते.

पार्लमेंटमध्ये चार जागा देऊन भांडण मिटले नसते का?

नसते, आणि वसाहतींना त्या नकोच होत्या. १७६५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले. त्यांनी स्पष्ट म्हटले की इतक्या दूर अंतरामुळे पार्लमेंटात आमचे प्रतिनिधित्व होऊच शकत नाही, म्हणून कर आमच्या सभाच बसवू शकतात. सहाशे सभासदांत चार-दोन जागा म्हणजे कर बसवायला संमतीचा शिक्का दिल्यासारखेच झाले असते.

लंडनचे उत्तर असे की पार्लमेंट साऱ्या साम्राज्याच्या वतीने विचार करते. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमसारख्या गावांचाही खासदार नाही, म्हणून ती गावे तक्रार करतात का? यावर अमेरिकेतले वकील म्हणत, करत नसतील तर त्यांनी करायला हवी.

बहिष्काराचा खरेच काही परिणाम झाला?

झाला. स्टॅम्प ॲक्टच्या निषेधात वसाहतींनी ब्रिटिश माल घेणे थांबवले होते. त्यामुळे लंडन-ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांची उधारी थकली, मागणी आटली आणि तेच पार्लमेंटच्या दारात अर्ज घेऊन उभे राहिले. फेब्रुवारी १७६६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांची कॉमन्स सभेत साक्ष झाली. अमेरिकनांना पूर्वी कशाचा अभिमान वाटायचा, या प्रश्नावर ते म्हणाले, ब्रिटनच्या फॅशनी आणि माल वापरण्याचा. आणि आता? नवे कपडे स्वतः तयार करता येईपर्यंत जुनेच पुन्हा घालण्याचा. मार्चमध्ये स्टॅम्प ॲक्ट रद्द झाला. त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक कायदा केला, की वसाहतींना ‘कोणत्याही बाबतीत’ बांधील करण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. आनंदाच्या भरात तिकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

बहिष्कार दुकानात जाहीर होतो, पण टिकतो तो स्वयंपाकघरात. न्यू इंग्लंडच्या गावागावांत बायका एकत्र बसून सूत काढू लागल्या. चहाऐवजी रानपाल्याचे काढे उकळले जाऊ लागले. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडेंटन गावी १७७४ च्या ऑक्टोबरात ५१ बायकांनी स्वतःच्या नावानिशी बहिष्काराच्या कागदावर सह्या केल्या, आणि लंडनमध्ये त्यांची टिंगल करणारे व्यंगचित्र छापले गेले.

जॉन ॲडम्स यांनी १७७४ च्या जुलैत बायकोला, ॲबिगेलला, लिहिलेला एक प्रसंग मी वर्गात नेहमी सांगते. दिवसभराच्या घोडदौडीने थकून ते एका खानावळीत उतरले आणि मालकिणीला विचारले, बाई, कर न भरलेला, प्रामाणिकपणे चोरून आणलेला चहा असेल तर थकल्या वाटसरूला कपभर मिळेल का? ती म्हणाली, नाही महाराज, या घरात चहा आम्ही सोडला आहे, कॉफी करून देते. ॲडम्स लिहितात, तेव्हापासून मी रोज दुपारी कॉफीच पितो आहे, चहाची सवय मोडलीच पाहिजे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या नामांकित वकिलाला या बाईने एका वाक्यात शिस्त लावली.

टाउनशेंड कायदे काय होते?

१७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्या आयातीवर कर बसवला. परीक्षेत पाच वस्तूंची नावे विचारतात. त्याहून महत्त्वाचा भाग म्हणजे या पैशाचे काय करायचे होते: गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार या उत्पन्नातून राजाने द्यायचे. बर्नेट यांना जे मिळाले नव्हते ते आता मागच्या दाराने येत होते. सभेच्या हातातले ताट काढून घेतले जाणार होते.

पुन्हा बहिष्कार, पुन्हा घोषणा. १७६८ च्या ऑक्टोबरात बोस्टनला पलटणी उतरल्या. सुमारे सोळा हजार वस्तीच्या त्या गावात सैनिक फावल्या वेळात कमी मजुरीवर कामे धरू लागले, त्यावरून दोरखंडाच्या कारखान्यात मारामारी झाली, आणि तीनच दिवसांनी, ५ मार्च १७७० च्या रात्री, जकात कचेरीपुढे गोळीबार होऊन पाच माणसे मेली. त्यांतला क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी वंशाचा खलाशी होता. सैनिकांचे वकीलपत्र वर आलेल्या जॉन ॲडम्स यांनीच घेतले. आठांपैकी सहा जण निर्दोष सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला. योगायोग असा की त्याच ५ मार्चला लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ टाउनशेंड कर मागे घेण्याचा प्रस्ताव मांडत होते. सगळे गेले, अधिकाराची खूण म्हणून चहावरचे तीन पेन्स ठेवले.

१७७२ मध्ये हचिन्सन, जे आता गव्हर्नर होते, यांनी सभेला कळवले की आपला पगार यापुढे राजाकडून येईल. पाठोपाठ वरिष्ठ न्यायाधीशांचेही तसेच ठरल्याचे कळले. त्यावर नोव्हेंबरात बोस्टनच्या नगरसभेने सॅम्युअल ॲडम्स यांच्या पुढाकाराने पत्रव्यवहार समिती नेमली. गावोगावी पत्रे गेली, गावांनी सभा भरवून उत्तरे धाडली. क्रांतीचे जाळे विणले गेले ते या पत्रांतून, आणि निमित्त होते पगाराचे.

ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत कशाला गेला? तो भारतातला होता का?

चहा चीनचा होता. कंपनी तो कँटनमध्ये खरेदी करायची. आसामातली लागवड पुढे १८३० च्या दशकातली.

पण भारताचा संबंध होता आणि तो दुःखद होता. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाल्यावर कंपनीने जे केले त्यात १७७० चा दुष्काळ आला आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. १७७२ च्या आर्थिक संकटात कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. लंडनच्या वखारींत सुमारे १ कोटी ७० लाख रत्तल चहा पडून होता. सरकारने तिला १४ लाख पौंडांचे कर्ज दिले, रेग्युलेटिंग ॲक्टने लगाम घातला आणि चहा खपावा म्हणून मे १७७३ चा कायदा केला: इंग्लंडमधली जकात परत, माल कंपनीने नेमलेल्या मोजक्या एजंटांमार्फत थेट अमेरिकेत. तीन पेन्स कर मात्र कायम.

अमेरिकनांनी बंगालचे हाल वाचले होते. जॉन डिकिन्सन यांनी ‘रस्टिकस’ या टोपणनावाने १७७३ च्या नोव्हेंबरात लिहिले की धरणीने पीक नाकारले म्हणून नव्हे, तर कंपनीने आणि तिच्या नोकरांनी अन्नधान्य गिळले म्हणून एका वर्षात पंधरा लाख माणसे मेली, आणि आता त्यांची नजर अमेरिकेवर आहे. आपल्या मेलेल्यांचा हा उल्लेख फिलाडेल्फियाच्या माणसाच्या लेखणीतून वाचताना मला दरवेळी गलबलून येते.

आता पहिले कोडे. चहा स्वस्त होता, पण तो विकत घेतला की तीन पेन्स संमतीशिवाय भरले जाणार, त्यातून गव्हर्नर-न्यायाधीशांचे पगार निघणार, आणि धंदा मक्तेदाराच्या घशात जाणार. बोस्टनमधल्या एजंटांत हचिन्सन यांचे दोन मुलगे होते, हे लोकांना माहीत होते. चोरटा चहा विकणाऱ्यांचे पोट यात मारले जाणार होते हेही खरे, आणि त्यांनी बंडाला हातभार लावला हेही.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री काय झाले?

‘डार्टमाउथ’ जहाज कंपनीचा चहा घेऊन २८ नोव्हेंबरला बोस्टनला आले होते. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होऊन उतरवला जाणार, म्हणजे १७ डिसेंबर ही शेवटची तारीख. ओल्ड साउथ सभागृहात हजारो लोक जमले. जहाज माघारी पाठवायला हचिन्सन यांनी शेवटपर्यंत परवाना दिला नाही. संध्याकाळी माणसे ग्रिफिनच्या धक्क्यावर गेली, काहींनी मोहॉक या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांसारखे सोंग घेतले होते. तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून सुमारे ९२,००० रत्तल, म्हणजे जवळजवळ ४२ टन चहा पाण्यात ओतला. किंमत ९,६५९ पौंड. ओहोटी होती, चहाचे ढीग पाण्यावर साचू लागले. बाकी कशाला हात लावला नाही, खिसे भरणाऱ्याला तिथेच चोप मिळाला आणि एक कुलूप फुटले ते भरून दिले.

इंग्लंडने काय केले?

१७७४ मध्ये चार कडक कायदे. नुकसान भरून मिळेपर्यंत बोस्टन बंदर बंद. मॅसॅच्युसेट्सचे निवडलेले वरिष्ठ मंडळ रद्द, ते राजा नेमणार. त्याच कायद्याने, गव्हर्नरच्या परवानगीशिवाय नगरसभा वर्षातून एकदाच. आरोपी अधिकाऱ्यांचे खटले दुसरीकडे नेण्याची सोय. सैन्याच्या मुक्कामाचे नवे नियम.

बंदर बंद झाल्याचा धडा सगळे वाचतात. नगरसभा बंद झाल्यावर खेड्यांत काय झाले ते कमी माहीत आहे. ६ सप्टेंबर १७७४ रोजी वुस्टर गावी कोर्ट भरणार होते. आसपासच्या गावांतले साडेचार हजारांवर लोक आपापल्या तुकड्यांनी आले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. न्यायाधीश आणि अधिकारी यांना टोपी हातात धरून, आपण काम सोडत आहोत हे कागदावरून पुन्हा पुन्हा वाचत, त्या दोन रांगांमधून चालावे लागले. एकही गोळी सुटली नाही. लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली ती १९ एप्रिल १७७५ रोजी, पण वुस्टरमध्ये इंग्रजांचे राज्य त्याआधी सात महिने संपले होते.

त्यांना आधीपासूनच स्वातंत्र्य हवे होते का?

नाही. १७७४ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाला बारा वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस, भरली तिने बहिष्कार पुकारला आणि राजाकडे अर्ज धाडला. १७७५ च्या जुलैत, लढाई सुरू झाल्यावरही, पुन्हा अर्ज गेला. राजाने ऑगस्टमध्ये वसाहतींना बंडखोर ठरवले. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन यांची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका आली. तोवर दोष मंत्र्यांचा, राजा बिचारा भला, अशी समजूत होती. पेन यांनी थेट राजेशाहीवरच बोट ठेवले, तेही साध्या माणसाच्या भाषेत. २ जुलैला स्वातंत्र्याचा ठराव आणि ४ जुलैला जाहीरनामा मंजूर झाला.

जाहीरनाम्याची सुरुवात सगळ्यांना पाठ असते. मधली राजाविरुद्धची सत्तावीस गाऱ्हाणी वाचा. त्यात एक असे आहे: न्यायाधीशांचा कार्यकाळ, त्यांच्या पगाराची रक्कम आणि तो देणे, हे राजाने केवळ स्वतःच्या मर्जीवर ठेवले.

सगळे लोक क्रांतीच्या बाजूने होते का?

नव्हते. राजनिष्ठांची संख्या मोठी होती, त्यांतल्या काहींना अंगाला डांबर फासून पिसे चिकटवण्यासारखी अमानुष वागणूक मिळाली. १७८३ च्या पॅरिस तहाच्या सुमारास साधारण साठ हजार लोक देश सोडून कॅनडा, ब्रिटन आणि कॅरिबियन बेटांकडे गेले.

गुलामांचे आणि मूळ रहिवाशांचे काय?

सुमारे पंचवीस लाख लोकसंख्येत पाच लाखांच्या आसपास आफ्रिकी वंशाचे होते, बहुतेक सगळे गुलाम. बोस्टनमधल्या गुलामांनी १७७३ आणि १७७४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सभेकडे स्वातंत्र्यासाठी अर्ज केले. स्वातंत्र्य हा निसर्गदत्त हक्क, हेच मालकांचे म्हणणे त्यांनी मालकांपुढे ठेवले होते. व्हर्जिनियाचे गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी १७७५ च्या नोव्हेंबरात बंडखोरांच्या गुलामांना, ते राजाकडून लढल्यास, मुक्ती देऊ केली. त्यामुळे अनेक कुंपणावरचे मळेवाले बंडाकडे झुकले. टॉमस जेफरसन यांनी लिहिलेल्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातला गुलामव्यापाराचा निषेध काँग्रेसने वगळला. मूळ रहिवाशांचा उल्लेख शेवटच्या गाऱ्हाण्यात ‘निर्दय रानटी’ असा येतो. १७६३ ची डोंगरांवरची रेषा, जी वसाहतवाल्यांना जाचक होती, ती त्यांच्या जमिनीची राखण होती. हे दोन्ही परिच्छेद जाहीरनाम्याच्या पहिल्या ओळींइतकेच शिकवले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. अमेरिकेतले युद्ध आणि पहिले इंग्रज-मराठे युद्ध एकाच वर्षी, १७७५ मध्ये, सुरू झाले. ज्या रेग्युलेटिंग ॲक्टचा उल्लेख वर आला त्यानेच मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याच्या हुकुमाखाली आणले होते, आणि मुंबईकरांनी परस्पर रघुनाथरावांशी सुरतेचा तह केल्यावर कलकत्त्याने तो अमान्य केला. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणीसांकडे आला तेव्हा इंग्रजांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणले. सालबाईचा तह १७८२ चा, पॅरिसचा १७८३ चा.

यॉर्कटाउनला १९ ऑक्टोबर १७८१ रोजी ज्यांच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली ते लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आले. टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्यांच्या सोबतीला होत्या.

आणि १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. अर्पणपत्रिकेत चहाचा किंवा कराचा उल्लेख नाही. गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जे औदार्य आणि परोपकारबुद्धी दाखवली, त्याबद्दल ती भेट होती.